शेवटचं घर लवकरच येत आहे

वहिनींच्या रागाची सुरुवात एका कुत्र्यापासून झाली. कुत्रा खरा नव्हता. तो भावोजींच्या व्हिडिओ गेममधला होता आणि पोस्टाच्या भिंतीत अडकला होता. पुढचा अर्धा भाग भिंतीच्या आत, मागचा अर्धा बाहेर, आणि त्या बाहेरच्या भागाची शेपटी मात्र मोठ्या आनंदानं हलत होती. वहिनींनी हा प्रकार बराच वेळ पाहिला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"भावोजी, तुमचा कुत्रा भिंतीत गेलाय."

"नंतर काढू बाहेर!" आतून उत्तर आलं.

"नंतर" या शब्दाचं आणि वहिनींचं जन्माचं वाकडं. त्या वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासणीला होत्या. प्रत्येक काट्यावर शेवटचा शिक्का त्यांचा. खुद्द मालकांच्या मेहुण्याच्या दुकानात निघालेले काटे त्यांनी गाडीतून खाली उतरवले होते, कारण काय, तर पारडं रिकामं असतानाही काटा किंचित डावीकडे झुकत होता. मेहुणे म्हणाले, "एवढं कोण बघतं?" वहिनी म्हणाल्या, "मी." पुढे कारखाना दुसऱ्या गावी गेला आणि वहिनी घरी आल्या. आता जन्मभर दोष काढलेलं माणूस घरी बसलं, की ते कुणाचे दोष काढणार? घरातल्या मंडळींना याचा चांगलाच अनुभव येऊ लागला होता. म्हणून नोकरी सोडून आतल्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसलेल्या धाकट्या दिरानं जेव्हा "वहिनी, माझा गेम जरा तपासून द्याल का?" असं विचारलं, तेव्हा सगळ्या घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. वहिनींच्या यजमानांनी, म्हणजे दादांनी, त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची उचलून आणली. लग्नानंतर दादांनी स्वतःहून काही उचलल्याची ही पहिलीच नोंद.

गेम तसा साधा होता. आपण पोस्टमन व्हायचं, पोस्टातून एक पार्सल उचलायचं आणि गावातून, नदीपलीकडून ते शेवटच्या घरी पोचवायचं. गाव देखणं होतं, हे वहिनींनीही कबूल केलं. संध्याकाळचं ऊन रस्त्यावर असं काही पडायचं, की पार्सल विसरून बघत राहावं. वहिनी तशा राहिल्याही होत्या, पण तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्या झाडांच्या सावल्या पूर्वेला पडतात आणि बेकरीवाल्याची तेवढी पश्चिमेला. या बेकरीवाल्याच्या मिशा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर पुढे, हवेत तरंगत असत. पोस्टाचं दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. नदीवरचा पूल अर्ध्यावर संपायचा, पण त्यानं कुणाचं अडत नव्हतं, कारण पाण्यावरून सरळ चालत जाता यायचं. "बघा, एका चुकीनं दुसरी सांभाळून घेतली," असं भावोजी कौतुकानं म्हणाले. पार्सलला तळच नव्हता. खालून डोकावलं तर त्यातून आभाळ दिसायचं.

"पण यात आहे काय?" वहिनींनी विचारलं.

"ते अजून ठरलं नाही."

"आणि ते शेवटचं घर?"

शेवटचं घरही नव्हतं. रस्ता जिथे संपायचा तिथे एक पाटी होती: शेवटचं घर लवकरच येत आहे.

वहिनींनी एकूण एक दोष सांगितला, समजावून सांगितला, खुर्चीवरून उठून बेकरीवाल्याच्या मिशा कुठे हव्यात ते दादांच्या चेहऱ्यावर बोटानं दाखवलं. भावोजींनी मान डोलावली. गेम तयार व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे, अशा भ्रमात वहिनी राहिल्या.

भ्रम फोडला खालच्या फ्लॅटमधल्या विमावाल्यांनी. ते धापा टाकत जिना चढून आले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "अभिनंदन वहिनी! तुमचं नाव वाचलं. गेम विकत घेतला आम्ही. पोरांनी उघडला आणि पहिल्याच पडद्यावर तुम्ही!"

वहिनींनी कॉम्प्युटर उघडला. ऑनलाइन दुकानात गेम विक्रीला लागला होता, आणि उघडताक्षणी मोठ्या अक्षरांत ओळ येत होती: गुणवत्ता तपासणी. खाली वहिनींचं संपूर्ण नाव, मधे दादांचं, शेवटी घराण्याचं आडनाव. ते नाव विरलं, की त्यामागून कुत्र्याचा मागचा भाग दिसू लागायचा.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दिराला "अहो भावोजी" म्हणायची सवय अशी मुरलेली, की शिव्या द्यायच्या तर त्याही आदरानं द्याव्या लागत. याचाही राग त्यांना वेगळा येत होता.

"अहो भावोजी, तुम्हाला लाज वाटते का? अर्धवट माल बाजारात मांडलात?"

"अर्धवट नाही, वहिनी. अर्ली अ‍ॅक्सेस. आता सगळे असंच करतात. गेम पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवायचा. लोक खेळतात, चुका सांगतात, मग आपण त्या दुरुस्त करायच्या."

"म्हणजे माझं काम गिऱ्हाइकानं करायचं, आणि वर पैसेही त्यानंच द्यायचे?"

"अगदी बरोबर!" भावोजी म्हणाले. आपला मुद्दा वहिनींना इतक्या लवकर पटला, याचा त्यांना आनंद झाला होता.

"मग माझं नाव कशाला टाकलंत?"

"मानानं टाकलं हो. तुम्ही तपासलाच होता ना?"

"तपासला होता आणि नापास केला होता!"

दादा मध्यस्थी करतील म्हणून वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. दादा पंखा पुरेसा जोरात फिरतोय का, याची पाहणी करत होते.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात सल्ले सुरू झाले. इथं जिन्याबद्दल थोडं सांगायला हवं. इमारतीला लिफ्ट नव्हती. म्हणजे लिफ्टची जागा होती, प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं दार होतं, दाराशेजारी बटणही होतं. फक्त लिफ्ट नव्हती. फ्लॅट विकताना बिल्डरनं "येणार आहे" असं सांगितलं होतं, आणि ज्यांना त्यानं ते सांगितलं त्यांचे गुडघे आता बदलायला आले होते. खालच्या मजल्यावर त्या जागेत सायकली ठेवत. विमावाले अजूनही जाता-येता एकदा बटण दाबून बघत.

"वहिनी, तुम्ही उगाच मनाला लावून घेता," विमावाले म्हणाले. "सगळं जग असंच चाललंय. आपली ही लिफ्टच घ्या."

"घेतली असती हो," वहिनी म्हणाल्या, "असती तर."

इकडे गेमला गिऱ्हाईक लागेना. विमावाल्यांच्या पोरांनी अभिप्राय लिहिला होता, "काकूंनी काय तपासलं?" आणि त्यापुढे एकच स्टार. हा अभिप्राय वहिनींनी वाचला आणि त्या दिवशी घरात कुणाचाही दोष काढला नाही. पोरांचं चुकलं असतं तर त्या खाली जाऊन भांडल्या असत्या. पण पोरांचं बरोबर होतं, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

सासूबाईंना धाकट्या मुलाची काळजी लागली. त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर आवाहन केलं, की आपल्या मुलाचा गेम सर्वांनी घ्यावा आणि चांगलं लिहावं. नातेवाईक अशा बाबतीत मागे हटणारे नव्हते. संध्याकाळपर्यंत अभिप्रायांचा पाऊस पडला. मोठे काका: "लहानपणापासूनच हुशार. आमच्या मांडीवर खेळला आहे." आत्याबाई: "उत्तरोत्तर अशीच प्रगती होवो. तब्येतीची काळजी घे." मावशी: "मुलगा निर्व्यसनी, स्वतःची खोली, स्वभाव शांत. स्थळ पाहणे चालू आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा." सगळ्यांचे पाच-पाच स्टार. गेम मात्र एकानंही उघडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानानं गेम विक्रीवरून काढला. खोटे अभिप्राय मिळवल्याचा संशय.

या दुकानाला ना दार, ना फोन, ना काउंटरपलीकडे बसलेला माणूस. फक्त मदतकक्ष होता, आणि त्यातून दर खेपेला कुणीतरी नवीन "मदतमित्र" उत्तर द्यायचा. "प्रिय विक्रेते, तुमची तळमळ आम्ही समजू शकतो. तुमचे बहुतेक ग्राहक एकाच आडनावाचे का आहेत?" भावोजींनी कळवलं, की ते नातेवाईक आहेत. उत्तर आलं, "नातेवाईक ही अडचण आमच्याकडे उपलब्ध नाही. कृपया दुसरी अडचण निवडा."

वहिनींना संधी दिसली. भावोजी अंघोळीला गेल्यावर त्यांनी स्वतः लिहिलं, की हा माल सदोष आहे, सबब तो विक्रीला परत लावूच नये. मदतमित्रानं तत्परतेनं कळवलं: "विक्रेत्याच्या खात्यातून स्वतःच्या मालाविरुद्ध तक्रार करता येत नाही. तुमची तळमळ आम्ही समजू शकतो." वहिनींनी टेबलावर हात आपटला. दोन्ही बाजूंची तळमळ समजणारा आणि कुणाचंही काम न करणारा असा इसम त्यांना आजवर फक्त एकच माहीत होता, आणि तो शेजारच्या खोलीत पंख्याखाली बसला होता.

शेवटी तोडगा निघाला, तो असा: ज्यांनी अभिप्राय लिहिले त्यांनी गेम खरोखर खेळावा, मग दुकान विचार करील. झालं, सगळं घराणं खेळायला बसलं. मोठे काका पार्सल घ्यायला पोस्टात शिरले, दार मागे लागलं आणि ते आतच राहिले. त्यांनी फोन केला, "अरे, बाहेर कसं पडायचं?" भावोजी म्हणाले, "पुढच्या अपडेटमध्ये." काका हट्टी. बंद करून पुन्हा सुरू करणं त्यांना पळपुटेपणाचं वाटलं. त्यांनी दुपारचं ताट कॉम्प्युटरपुढे मागवलं आणि जेवले तेही पोस्टातच बसून. आत्याबाई नदीपर्यंत पोचल्या, पण पाण्यावर पाऊल टाकेनात. "मला पोहता येत नाही," असं त्या फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मावशींना बेकरीवाल्याच्या तरंगत्या मिशा अशुभ वाटल्या.

दुकानानं गेम परत लावला आणि नातेवाइकांनी अभिप्राय बदलले. आता ते मनापासून लिहिलेले होते. काकांनी लिहिलं, "लहानपणापासूनच अर्धवट." आत्याबाईंनी प्रगतीची इच्छा मागे घेतली. मावशींनी स्थळाची जाहिरात तेवढी ठेवली, मात्र "स्वभाव शांत" यापुढे "काम त्याहून शांत" अशी भर घातली. आणि सगळ्यांनी एकमुखानं विचारलं, की सूनबाईंनी तपासलं तरी काय? अख्ख्या घराण्यात सुनेच्या नजरेची जी दहशत होती, ती एका गेमनं धुळीला मिळवली.

सासूबाईंचं प्रकरण निराळं. त्या पोस्टाचं दार मागे लागायच्या आत पार्सल घेऊन निसटल्या, पाण्यावरून बेधडक चालत गेल्या, पाटीपर्यंत पोचल्या आणि तिथेच अडकल्या. म्हणजे मनानं अडकल्या. रोज दुपारी त्या पार्सल घेऊन निघायच्या, पाटी वाचायच्या आणि चिडून परत यायच्या.

"अगं, पण त्या पार्सलमध्ये आहे काय?" त्या सुनेला विचारायच्या.

"मला काय विचारता, आई? तुमच्या लेकाला विचारा."

"तो म्हणतो नंतर सांगतो."

वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं. "भावोजी, एक तर गेम पूर्ण करा, नाहीतर माझं नाव काढा. आत्ता. माझ्यासमोर."

भावोजींनी नाव काढलं. जेवायची वेळ झाली होती, म्हणून घाईनं काढलं. पहिल्या पडद्यावरून ते गेलं, यात शंका नाही. पण तिथून निघून ते कुठे गेलं, हे सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं.

"अगं, हे गाव तुझं कधी झालं?"

गावातल्या प्रत्येक दारावर वहिनींच्या नावाची पाटी होती. बेकरीवर त्यांचं नाव, पोस्टावर त्यांचं नाव, अर्ध्या पुलाच्या तुटक्या टोकावर त्यांचं नाव. पार्सलच्या नसलेल्या तळावरही ते आभाळात तरंगत होतं. आणि पोस्टाच्या भिंतीतून बाहेर आलेल्या त्या कुत्र्याच्या मागच्या भागावर वहिनींचं संपूर्ण नाव, मधे दादांचं, शेवटी घराण्याचं आडनाव, ठळक अक्षरांत झळकत होतं. शेपटी हलली, की आडनावही हलायचं.

दादा पंख्याखालून उठले. पडद्याजवळ जाऊन त्यांनी ते मधलं नाव वाचलं. "यात मी कशाला?" असं म्हणून त्यांनी हयातीत पहिल्यांदा धाकट्या भावावर आवाज चढवला.

सगळ्यात वाईट म्हणजे, आता गेम खपू लागला. कुणीतरी त्या कुत्र्याचं चित्र इकडून तिकडे पाठवलं आणि अनोळखी लोक गेम घेऊ लागले. त्यांना ही चूक वाटलीच नाही. त्यांना ते कोडं वाटलं. "या बाई कोण?" "पार्सल त्यांचंच असणार." "शेवटच्या घरात त्याच राहतात." भावोजी तर हवेत तरंगू लागले, बेकरीवाल्याच्या मिशांसारखे. "वहिनी, आता काही दुरुस्त करायचं नाही! लोकांना हेच आवडतंय!"

वहिनी आतल्या खोलीत गेल्या आणि भावोजींच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. त्या इतक्या रागावल्या होत्या, की त्यांचा आवाज चढलाच नाही.

"मी तिकडे कामाला होते तेव्हा माझ्या नावावर लोक डोळे झाकून माल उचलायचे. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, भावोजी. तेवढं नाव होतं. ते तुम्ही कुत्र्याच्या ढुंगणावर लावलंत आणि म्हणता आवडतंय."

भावोजी माउस उगाच इकडेतिकडे हलवत राहिले.

"खरं सांगा. पार्सलमध्ये काय आहे?"

"माहीत नाही," भावोजी म्हणाले. मग माउस सोडून म्हणाले, "वहिनी, मला शेवट सुचत नाही. आणि सुचला, घर बांधलं, लोक तिथे पोचले, आणि त्यांना नाही आवडलं तर? पाटी आहे तोवर सगळे वाट तरी बघतात."

"म्हणजे नापास व्हायची भीती वाटते, म्हणून तुम्ही पेपरच देत नाही."

"तसंच काहीसं."

वहिनींना त्यांची दया आली, पण तिनं राग कमी झाला नाही. दोन्ही एकदमच आली, आणि त्यांनी दोन्ही वापरली. "सरका," त्या म्हणाल्या आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "आधी कुत्रा."

पुढचे कित्येक आठवडे आतल्या खोलीतून फक्त दोनच शब्द ऐकू येत होते, "परत" आणि "पुन्हा". कुत्रा भिंतीतून बाहेर आला आणि त्याला तोंड आहे हे सर्वांनी प्रथमच पाहिलं. मिशा चेहऱ्यावर बसल्या. पोस्टाचं दार आतून उघडू लागलं, तेव्हा खास फोन करून मोठ्या काकांना बाहेर काढण्यात आलं. पूल पलीकडे पोचला. पाण्यावर पाऊल ठेवलं की माणूस बुडू लागला, आणि आत्याबाईंना आपण आधीपासून हेच म्हणत होतो याचं समाधान मिळालं. प्रत्येक दारावरची पाटी वहिनींनी एकेक करून उतरवून घेतली. भावोजी "नंतर" म्हणायला तोंड उघडायचे आणि वहिनींकडे बघून मिटायचे.

शेवटचं घर उभं राहिलं. त्याचं दार कसं हवं, यावर वहिनींनी भावोजींना रडकुंडीला आणलं. बिजागऱ्या खऱ्यासारख्या वाजल्या पाहिजेत, कडी जिथे असते तिथेच असली पाहिजे, दार लागल्यावर चौकटीत फट दिसता कामा नये. त्या दारावर मात्र माझ्या नावाची पाटी असू द्या, असं त्यांनी स्वतः सांगितलं. पार्सलचा तळ तेवढा राहिला होता. भावोजी तो बसवायला गेले, तर वहिनींनी त्यांचा हात धरला.

"तो असू द्या," त्या म्हणाल्या. "मला सुचलाय शेवट."

गेम पूर्ण होऊन दुकानात लागला त्या दुपारी सासूबाई कॉम्प्युटरपुढे बसल्या. पहिल्या पडद्यावर गुणवत्ता तपासणी अशी ओळ आली, खाली संपूर्ण नाव. या वेळी ते वहिनींनी मागून घेतलं होतं. सासूबाईंनी पार्सल उचललं, पोस्टातून बाहेर पडल्या, कुत्र्याला चुचकारलं, पूल ओलांडला, ज्या पाटीपाशी त्या रोज थबकायच्या ती जागा मागे टाकली आणि शेवटच्या घराची कडी वाजवली. दादा आणि भावोजी त्यांच्यामागे उभे होते. वहिनी स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या, पण नळ त्यांनी बंद केला होता.

दार उघडलं. आत चष्मा लावलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी पार्सल हातात घेतलं, उलटं केलं, खालून डोकावल्या. आणि कॉम्प्युटरमधून सगळ्या खोलीत वहिनींचा आवाज घुमला, "याला तळ नाही. अर्धवट माल मी घेत नाही. परत न्या!"

आणि दार धाडकन बंद झालं.

सासूबाई बंद दाराकडे बघतच राहिल्या. एवढे दिवस त्या पार्सलमध्ये काय आहे हे कळायची वाट बघत होत्या. पदर सावरून, हात ओले ठेवूनच वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"आई," त्यांनी विचारलं, "दार नीट लागलं का?"

"लागलं," सासूबाई फणकारल्या. "अगदी नीट लागलं. माझ्या तोंडावर!"